टोकियो फाट्यावर उतरलेली आई

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्गातल्या पोरींना आता सुना आल्या आहेत. मी मात्र अजून तुमच्याशी मनातल्या मनात बोलत असते. पोरांना रागावताना तर तुमचाच आवाज माझ्या तोंडून निघतो, आणि मग पोरंही गप्प होतात आणि मीही. सेनगावच्या ज्या शाळेत तुम्ही आम्हाला इतिहास शिकवलात, तिथेच मी आता मुख्याध्यापिका आहे. तुम्हाला आम्ही बाई म्हणायचो, मला पोरं मॅडम म्हणतात. एवढा फरक सोडला तर आपल्याकडे फार काही बदललेलं नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरेल. तुमच्या त्या नाटकाचं पुढे काय झालं, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं आहे. तेव्हा जरा बसा. माझं बोलणं लांबतं हे तुम्हाला माहीत आहेच.

सहावीचा वर्ग आहे, दुपारचा इतिहासाचा तास. जपानवर अमेरिकेने टाकलेल्या बॉम्बचा धडा तुम्ही वाचून दाखवता आहात. पुस्तकात तो जेमतेम एक पान. वाचून झाल्यावर तुम्ही पुस्तक मिटता, आणि माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण, भांडीवाल्यांची पोरगी, उभी राहून विचारते, "बाई, मंग ते आता एकमेकांसंग बोलतेत का?" सगळा वर्ग हसतो. ती लाजून खाली बसते. तुम्ही हसत नाही. तुम्ही खिडकीपाशी जाऊन उभ्या राहता आणि म्हणता, "मला माहीत न्हाई. पण इचार करण्यासारखं हाय." शिक्षकाला एखादी गोष्ट माहीत नसते आणि तो तसं सांगतो, हे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं की हे म्हणायला किती जड जातं.

मग गॅदरिंग आलं आणि तुम्ही नाटक लिहिलंत. जपानबद्दल तुम्हाला काय ठाऊक होतं, आणि अमेरिकेबद्दल तरी काय? परभणीच्या पुढे आपण कधी गेलो नाही, असं तुम्हीच सांगायचात. नाटकात दोन आया होत्या. एकीचा मुलगा जपानकडून लढताना गेलेला, दुसरीचा अमेरिकेकडून. लढाई संपल्यावर अमेरिकन आईच्या मनात येतं की आपल्यासारखीच कोणीतरी समुद्रापलीकडे रडत बसली असेल, तिला एकदा भेटून यावं. ती बोटीने निघते, बोटीतून उतरून एसटीत बसते आणि कंडक्टरला सांगते, "टोकियो फाट्याला उतरायचंय." फाट्यावरून पुढे पायी. वाटेत ज्याला ज्याला ती पत्ता विचारते, तो तिला आधी पाणी देतो आणि मग रस्ता सांगतो. जपानी आईच्या अंगणात तुळस होती आणि दावणीला म्हैस. अमेरिकन आईचं काम मला मिळालं, जपानी आईचं माझ्या मैत्रिणीला. माझ्यासाठी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या पोरीचा फ्रॉक आणला, तो मला आखूड व्हायला लागला म्हणून आईने खालून परकर घालायला लावला. मैत्रिणीला तुमचंच जरीचं पातळ उलटंसुलटं गुंडाळून वर ओढणी आवळून बांधली. आम्हाला वाटलं, हुबेहूब झालं.

तालमीत मी कमरेवर हात ठेवून पाय फेकत चालायचे, खडू सिगारेटसारखा ओठात धरून ओढायचे आणि पोरं पोट धरून हसायची. मला तेवढंच पाहिजे होतं. एक दिवस तुम्ही मला थांबवलंत. आवाज चढवला नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. "अमेरिकन व्हायचं सोड," तुम्ही म्हणालात. "तुझं लेकरू मेलंय. ते अंगात येऊ दे आधी. फ्रॉक बघून लोकांना बाकीचं कळंल." मी रागाने घरी गेले, दोन घास कमी खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी साधी चालत आले. तुम्ही पुढचं वाक्य वाचायला सांगितलंत.

शेवट मात्र तुम्हाला सुचत नव्हता. दोघी समोरासमोर आल्या की तुम्ही आम्हाला थांबवायचात. आधी लिहिलं होतं की दोघी गळ्यात पडून रडतात. ते तुम्हालाच पटेना. मग एकदा लिहिलंत की जपानी आई दारच उघडत नाही. तेही आवडेना. अशातच माझ्या मैत्रिणीचे आजोबा वारले. त्यांच्या घरी चूल पेटणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. शाळा सुटल्यावर तुम्ही घरी जाऊन भाकरी थापल्या, पिठलं केलंत आणि सगळं फडक्यात बांधून भांडीवाल्यांच्या गल्लीत निघालात. आम्ही चार-पाच पोरी मागे मागे. दारात मैत्रिणीची आजी हात हलवत म्हणाली, "न्हाई बाई, काहून तकलीफ घेता. भूक न्हाई कोनालाच." तुम्ही वाद घातला नाहीत आणि परतही फिरला नाहीत. तिथेच पायरीवर बसलात, फडकं मांडीवर ठेवून. बराच वेळ गेला. मग आजी तुमच्या बाजूला येऊन बसली आणि तिने स्वतःच गाठ सोडली. दुसऱ्या दिवशी नाटकाला शेवट मिळाला होता. अमेरिकन आई टोकियो फाट्यावरून भाकरी-पिठलं घेऊन येते, जपानी आई नको म्हणते, आणि अमेरिकन आई पायरीवर बसून राहते.

गॅदरिंगच्या दिवशी लोक आधी खूप हसले. टोकियो फाटा ऐकून तर शिट्ट्या वाजल्या. पण पायरीवर मी बसले आणि मैत्रीण दारात उभी राहिली, तेव्हा मांडव गप्प झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग प्रमुख पाहुणे बोलायला उठले. पोरींनी कामं चांगली केली, म्हणाले, पण अमेरिकेत भाकरी मिळत नाही एवढं तरी बाईंनी कोणाला विचारायला हवं होतं. मांडव पुन्हा हसला. तुम्हीही हसलात, सगळ्यांसोबत. नंतर वर्गात आम्ही तिघी ती नाटकातली भाकरी खात बसलो होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यांचं बराबर हाय. भाकरी नसंल मिळत. पण मानूस गेल्यावर शेजारची बाई तिथंबी काहीतरी घेऊन जातच असंल की. त्याला काय म्हणतेत ते मला ठाऊक न्हाई, एवढंच." मैत्रिणीने विचारलं, पुढच्या वर्षी परत करू का आपलं नाटक? तुम्ही हात झटकलेत आणि म्हणालात, "नको गं. जाऊ द्या ते आता." त्यानंतर तुम्ही नाटक लिहिलं नाहीत. गॅदरिंगला नाच झाले, देशभक्तीची गाणी झाली. आम्ही दहावी होऊन बाहेर पडलो.

आता आत्ताचं. मागच्या वर्षी हळदीवर काम करणारी एक परदेशी संस्था तालुक्यात आली. तिची दोन माणसं वर्षभर इथेच राहणार होती. एक अमेरिकन, पन्नाशीचा, दारात वाकून यावं लागणारा, हळद वाळवायची यंत्रं बसवायला. एक जपानी, चाळिशीतली, काटकुळी, वाळलेल्या हळदीचा रंग आणि कस तपासायला. ती आमच्या माडीवर राहायला आली. तो समोरच्या घरी गेला, म्हणजे माझ्या त्याच मैत्रिणीकडे. तिचं लग्न गावातच झालं आणि माहेरचं भांड्यांचं दुकान आता तीच बघते. तर जी जपानी झाली होती तिच्या घरात अमेरिकन आला, आणि जी अमेरिकन झाली होती तिच्या घरात जपानी. आम्ही हे मुद्दाम केलेलं नाही, बाई. त्याच्या लांबीचा पलंग फक्त तिच्याकडे होता.

तुम्ही असतात तर मी रोज संध्याकाळी तुमच्याकडे येऊन त्या दोघांच्या गोष्टी सांगितल्या असत्या. तो सगळ्यालाच फार छान म्हणायचा. हळद फार छान, चहा फार छान, मैत्रिणीची बकरीसुद्धा फार छान. पहिल्या आठवड्यात त्याने आमच्या जपानीचं काम फार छान आहे म्हटलं तेव्हा ही मनातून खूश झाली होती. मग बकरीचं ऐकलं. त्यानंतर त्याचं कौतुक खरं कोणतं आणि उगीच कोणतं, हे तिला कधीच ठरवता आलं नाही. आणि हिला एखादी गोष्ट पटली नाही की ही म्हणायची, जरा अवघड आहे. तो बिचारा त्यावर दुप्पट जोमाने कामाला लागायचा. अवघड आहे म्हणजे नको, हे त्याला कोण सांगणार? आपल्याकडे कोणी "बघू" म्हटलं की पोराटोरांनाही कळतं. दोघं वेगवेगळे येऊन माझ्यापाशी गाऱ्हाणं करायचे. मी इंग्रजी शिकवते म्हणून माझ्याशी बोलणं त्यांना सोपं जायचं. तो म्हणायचा, हिच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही, जपानी लोक असेच. ती म्हणायची, याच्या मनातलं सगळं बाहेरच असतं, मग आत काय उरत असेल? अमेरिकन लोक असेच. दोघंही हे इतक्या सभ्यपणे सांगायचे की मला हसू आवरायचं नाही.

हळद शिजवायचे दिवस होते. गावाबाहेर कुकर धडधडत होते आणि सगळ्या सेनगावाला त्या वाफेचा वास. आमच्या जपानीचा डबा मी सकाळी वर पाठवायचे आणि संध्याकाळी तो धुतलेला, पुसलेला खाली यायचा. एक दिवस डबा भरलेलाच आला. तिने माफी मागितली, पोट जरा जड आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. पण कामावर ती वेळेवर गेली, आणि जाताना गल्लीत अमेरिकन भेटला तेव्हा हसून म्हणाली, मी मजेत आहे, एकदम छान. हे ऐकून मला खटकलं, कारण ती असं कधी बोलत नाही. ते त्याचं बोलणं. संध्याकाळी मी वर गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी झालेलाच कपडा पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालत होती. मी तिच्या शेजारी बसले तेव्हा तिने सांगितलं की तिचे वडील वारले. मुलीला एवढ्या लांबून धावपळ करायला लावू नका, असं त्यांनीच बजावून ठेवलं होतं, म्हणून भावाने सगळं उरकल्यावर कळवलं. आता जाऊन करायचं काही उरलं नव्हतं. "समोरच्यांना सांगू नका," ती म्हणाली. "अमेरिकन माणसाला कामाच्या ठिकाणी दुःखी चेहरा आवडत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे."

मी खाली येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. ऐकताच त्यांनी गॅस बंद केला. "आपल्याच छपराखाली मानूस दुःखात बसलंय," ते म्हणाले, "आपण कढई कशी चढवावी? दुसऱ्या घरचं आणा." मी थेट समोर मैत्रिणीकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि काही न विचारता परातीत पीठ घेतलं. तेवढ्यात अमेरिकन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता याच्यापासून कसं लपवावं? पण त्याला माहीत होतं. ऑफिसातून त्याला तीन दिवसांपूर्वीच कळलं होतं. मला तेव्हा आठवलं की गच्चीवर जाऊन मोठमोठ्याने फोनवर बोलणं त्याने बंद केलं होतं, गल्लीतून पाय न वाजवता चालायला लागला होता, आणि ती समोर आली की मान खाली घालायचा. मी विचारलं, मग तिच्याशी बोलला का नाहीत? तो म्हणाला, "ती जपानी आहे. त्यांच्या दुःखात कोणी डोकावलेलं त्यांना आवडत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

बाई, मी तिथे पाटावर बसून राहिले. तीन दिवस हा माणूस तिच्यासाठी जपानी झाला होता आणि ती बाई त्याच्यासाठी अमेरिकन. दोघांनी आपापल्या परीने समोरच्याचा मान राखला होता, जीव तोडून राखला होता, आणि त्यामुळे ती वर एकटी उपाशी बसली होती. तिला वाटत होतं की याला काही माहीतच नाही. मला राग कोणाचा करावा ते कळेना. रागावण्यासारखं कोणी नव्हतंच.

मैत्रीण भाकरी थापत होती. तो तव्याकडे बघत होता. मग त्याने विचारलं, हे तिच्यासाठी का? आम्ही हो म्हटलं. तो तिथे खाली बसला, गुडघे छातीला लागले, आणि आपल्या आजीबद्दल बोलायला लागला. त्यांच्या लहानशा गावात कोणी गेलं की त्याची आजी काचेच्या पसरट भांड्यात बटाटे, चीज आणि असंच काहीबाही घालून भट्टीत भाजायची आणि त्या घरी नेऊन द्यायची. त्या घराच्या टेबलावर अशी सगळ्या गावाची भांडी जमायची. कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहायचे. हे मी मराठीत सांगितल्यावर मैत्रिणीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. तिच्या दुकानात नाव कोरायचं मशीन आहे. अख्ख्या सेनगावाच्या ताटल्यांवर तिनेच नावं घातली आहेत, आणि कोणाचं पातेलं मयतीच्या घरून फिरत फिरत कुठे गेलं ते ती भांडं उलटं करून सांगते. "मंग त्याला म्हनावं," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं ठाऊक हाय तर बसून काहून राहिला?"

त्या पदार्थाला कॅसरोल म्हणतात, बाई. तुम्हाला नाव ठाऊक नव्हतं, एवढंच.

मैत्रिणीने स्टीलच्या ताटलीत भाकरी ठेवल्या, वाटीत पिठलं, वर दुसरी ताटली पालथी घातली, फडकं बांधलं आणि त्याच्या हातात दिलं. तो गल्ली ओलांडून आमच्या जिन्याने वर गेला. आम्ही दोघी खाली दारात उभ्या. दिवेलागणीची वेळ, गल्लीत पोरं खेळत होती. दोन मिनिटांत तो ताटली घेऊन परत खाली. चेहरा पडलेला. त्याला थोडं थोडं मराठी यायला लागलं होतं. "न्हाई म्हणली," तो म्हणाला. "नको, थँक यू, म्हणली." मैत्रिणीने कपाळावर हात मारला. "अरे बाबा, न्हाईच म्हननार की ती. पैल्या झटक्यात व्हय कोन म्हनतं? परत जा." तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला की माणूस नाही म्हणाला की त्याचं ऐकावं, असं त्याला लहानपणापासून शिकवलं आहे. ते काही चूक नाही, बाई, मला पटलंही. आपल्याकडे पोटाला तडस लागेपर्यंत वाढणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. पण त्या वेळी मी त्याला म्हटलं, तुम्ही तिला काही विचारूच नका. खा म्हणू नका, दार उघड म्हणू नका. तिच्या दाराजवळच्या पायरीवर बसा, ताटली मांडीवर ठेवा आणि बसून राहा. नकोच असेल तर दार बंद राहील, त्यात तिचा अपमान नाही आणि तुमचाही नाही.

तो गेला. एवढा धिप्पाड माणूस त्या अरुंद जिन्यात अंग चोरून बसला. आम्ही खालून फक्त त्याचे बूट बघत होतो. पोरं खेळून घरी गेली, मशिदीतली अजान झाली, मैत्रीण नमाजाला आत जाऊन पुन्हा बाहेर आली. मी तुमचा विचार करत होते. खरं सांगते, हे दार उघडलं नाही तर तुमचं नाटक म्हणजे खेड्यातल्या एका भाबड्या बाईने रचलेली गंमत ठरणार होती, आणि ते पाहुणे बरोबर ठरणार होते. वर बसलेल्या बाईपेक्षा त्या क्षणी मला तुमचीच काळजी जास्त वाटली असेल.

मग कडी वाजली. ती बाहेर आली आणि त्याच्या एक पायरी वर बसली. मग त्याचा आवाज आला, हळू, मी कधी ऐकला नव्हता इतका हळू. मला काय बोलावं ते कळत नव्हतं म्हणून मी बोललो नाही, तो म्हणाला. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हाला ऐकायला आवडणार नाही. मग तिने फडकं सोडलं. तिला भाकरी एका हाताने मोडता येईना, तेव्हा त्याने मोडून दिली. तिच्या आजीच्या गावातही मयत झाली की घरच्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत, शेजारच्या बायका येऊन चूल ताब्यात घेतात, हे तिने त्याला सांगितलं आणि सांगता सांगता ती रडायला लागली. मोकळी रडली. आणि थोड्या वेळाने तोही रडायला लागला, तो मात्र मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी वाकून बघितलं. माझी मैत्रीण डोळे पुसत म्हणाली, "ह्याचं सगळंच लय आवाजाचं."

त्या रडण्याने सगळं जागच्या जागी बसलं असं काही नाही. ती दोघं अजूनही भांडतात. पण आता ती जरा अवघड आहे म्हणाली की तो हात थांबवून विचारतो, "म्हंजी न्हाई ना?" आणि ती एक श्वास घेऊन सरळ नाही म्हणते. त्याला ते ऐकून इतका आनंद होतो की तो म्हणतो, फार छान. कोणत्या गोष्टीला तो मनापासून छान म्हणतो हे तिला आता त्याच्या भुवयांवरून कळतं म्हणे. बकरीबद्दलचं मनापासून होतं, असं ती मला परवा म्हणाली. उन्हाळ्यात ती घरी जाऊन वडिलांचे पुढचे विधी करून आली. येताना त्याच्या आईसाठी तिने काहीतरी विणलेलं आणलं, आणि ते अमेरिकेला कसं पाठवायचं यावर दोघांनी माझ्या ओसरीवर दोन तास घातले. तुम्ही ते बघायला हवं होतं. माझ्या मैत्रिणीने सहावीत विचारलेल्या प्रश्नाला सेनगावात बसून एवढं तरी उत्तर मिळालं. सगळ्या जपानचं आणि सगळ्या अमेरिकेचं मला ठाऊक नाही. मी आपलं आमच्या जिन्यातलं सांगते.

पावसाळ्यात एकदा मी त्यांना तुमच्या नाटकाची गोष्ट सांगितली. टोकियो फाटा ऐकून आमची जपानी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ती गंभीर झाली आणि म्हणाली, हे नाटक बघायचं आहे. अमेरिकन म्हणाला, मलाही. मी म्हटलं, लिहिलेलं काही उरलेलं नाही. मैत्रीण मधेच म्हणाली, "काहून? मला सगळं पाठ हाय." आणि तिने तिथेच, भांड्यांच्या दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना, जपानी आईचं सगळं बोलणं म्हणून दाखवलं. माझं बोलणं मी म्हटलं. दोघींना एकमेकींचं पण येत होतं.

आता गॅदरिंग तोंडावर आलं आहे. हे पत्र लिहायला बसले ते खरं म्हणजे तुमची परवानगी मागायला, कारण तुम्ही त्या दिवशी नको म्हणाला होतात. आम्ही पोरी होतो, नको म्हणजे नको असं धरून चाललो आणि दप्तरं उचलून घरी गेलो. पण पत्र टाकायचं कुठे? तुमचं घर विकलं गेलं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. हे कपाटातच राहील. आणि आता एवढं लिहिलंच आहे तर सांगून टाकते, तालमी सोमवारपासून सुरू केल्या आहेत. तुम्हाला न विचारता. तुम्ही नकोच म्हणाला असतात, बाई, मला माहीत आहे. या वेळी मी तुमच्या दारातून उठले नसते.